मिरग लागतो तेव्हा मृग नक्षत्र आकाशात का दिसत नाही?

कातळावरून · देवगड तालुका

नमस्कार मंडळी.

आमची हापूसची बाग कातळावर आहे. आंबा तयार होत आला की राखणीला रात्री मांगरात कोणीतरी लागतंच. यंदा बऱ्याच रात्री मी आणि माझी सातवीतली मुलगी तिथे होतो. समोर उघडा समुद्र आणि वाडीचे दिवे पार खाली, त्यामुळे आकाश इतकं भरलेलं दिसतं की ती झोपायचं नाव घेत नाही. मृग, व्याध, सप्तर्षी, ध्रुव एवढं मी तिला ओळखायला शिकवलं. त्यापुढचे प्रश्न तिचे आहेत आणि त्यांची उत्तरं मला देता येत नाहीत.

पहिला प्रश्न. एप्रिलमध्ये मृग संध्याकाळी पश्चिमेला छान दिसत होता. मग तो रोज खाली खाली जात मेच्या अखेरीस समुद्राच्या उजेडात दिसेनासाच झाला. आणि बरोबर त्यानंतर, ७-८ जूनला, घरात सगळे म्हणायला लागले, "मिरग लागलो." सासरे त्या हिशोबाने भाताच्या पेरणीचं बघतात. मुलगी विचारते, जे नक्षत्र दिसतच नाही ते "लागलं" कसं म्हणायचं?

दुसरा. मांगराच्या पायरीवरून डिसेंबरात सूर्य डावीकडच्या खडपावर बुडायचा. मे महिन्यात तो उजवीकडे, सुरूच्या बनापलीकडे बुडत होता. किती लांब सरकला तो! सूर्य पश्चिमेला मावळतो असं आपण म्हणतो, मग यातली पश्चिम कुठली?

तिसरा तिच्या पुस्तकातला. "पृथ्वीचा अक्ष कललेला असल्यामुळे ऋतू होतात." वाक्य तिला पाठ आहे. पण कललेल्या अक्षामुळे उन्हाळा कसा होईल हे तिला समजत नाही. तिला वाटतं पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा. खरं सांगायचं तर गावातल्या निम्म्या लोकांना तसंच वाटतं.

कोणी नीट समजावून सांगेल का? परीक्षेपुरतं नको. तिला खरोखर कळायला हवं आहे.

---

भूगोल_शिक्षक_निवृत्त · गुहागर

ताई, तुमच्या लेकीला माझा आशीर्वाद सांगा. तीनही प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत, आणि तुमच्या मांगराची पायरी ही ते समजून घ्यायला मुंबई-पुण्यातल्या कुठल्याही गच्चीपेक्षा चांगली जागा आहे. पश्चिमेला समुद्राची सपाट रेघ असणं हे आपल्या किनाऱ्याचं मोठं भाग्य. घाटावरच्या मुलांना डोंगर, इमारती, झाडं आडवी येतात. आपल्याला सूर्य अगदी पाण्याच्या रेषेवर बुडताना दिसतो, म्हणून तो किती सरकला हे मोजता येतं.

आधी जवळ-लांबचं बोलू, कारण तो समज गेल्याशिवाय पुढचं डोक्यात शिरत नाही. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे हे खरं. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती ३-४ जानेवारीच्या सुमारास. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर असतं. सर्वांत लांब असते जुलैच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटर. म्हणजे आपल्याकडे थंडी पडते तेव्हा आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो. आणि त्याच जानेवारीत ऑस्ट्रेलियात भर उन्हाळा असतो. अंतरामुळे ऋतू होत असते तर साऱ्या पृथ्वीवर एकाच वेळी उन्हाळा आला असता. मुलीला एवढंच विचारा आणि तिला विचार करू द्या. ती स्वतःच अंतराचा नाद सोडेल.

आता कल. यासाठी शब्द पुरत नाहीत, हातात काहीतरी घ्यावं लागतं. मी वर्गात पपनस वापरायचो. पपनसातून झावळीचा एक हीर आरपार घाला, देठाकडून खालपर्यंत. हा पृथ्वीचा अक्ष. देठाकडचा भाग उत्तर ध्रुव. मधोमध पेनाने विषुववृत्ताची गोल रेघ काढा. त्या रेघेपासून देठाकडे जाताना पाचव्या हिश्शाहून थोड्या कमी अंतरावर एक ठिपका द्या, ते तुमचं देवगड. त्याचा अक्षांश साधारण १६ अंश २२ मिनिटे आहे.

रात्री पडवीच्या मधोमध जमिनीवर एखादी वस्तू ठेवून तिच्यावर कंदील ठेवा, म्हणजे ज्योत पपनसाच्या उंचीला येईल. बाकीचे दिवे बंद. आता हीर उभ्यापासून साडेतेवीस अंशांनी उत्तरेकडच्या भिंतीच्या बाजूला कलता धरा आणि कंदिलाभोवती फेरी मारा. अट एकच. फेरी मारताना हिराचं टोक कायम त्याच भिंतीकडे राहिलं पाहिजे. मुलं इथेच घोटाळा करतात. ती टोक कंदिलाकडे वळवत वळवत फिरतात. पृथ्वी तसं करत नाही. वर्षभर, कुठेही असली तरी, तिचा अक्ष ध्रुवाच्या दिशेलाच असतो.

तुम्ही कंदिलाच्या दक्षिणेला उभ्या असाल तेव्हा टोक कंदिलाकडे झुकलेलं असेल. समोरून फिरून उत्तरेला गेलात की तेच टोक, तसंच धरलेलं, कंदिलापासून लांब झुकलेलं दिसेल. पहिली जागा २१ जूनची, दुसरी २१-२२ डिसेंबरची. दोन्ही जागी पपनस हिराभोवती सावकाश फिरवा आणि देवगडच्या ठिपक्याकडे बघा. जूनच्या जागी तो उजेडात जास्त वेळ राहतो आणि प्रकाश त्याच्यावर जवळजवळ सरळ पडतो. डिसेंबरच्या जागी उजेड कमी वेळ, आणि तोही तिरका. कंदील तोच, अंतर तेच. ऋतू म्हणतात तो हाच फरक.

तो केवढा असतो हे आकड्यांत सांगतो, कारण "तिरके किरण" हा शब्द नुसता वाचून जातो. देवगडला २१ जूनच्या दुपारी सूर्य डोक्यापासून जेमतेम ७ अंश सरकलेला असतो, आणि तोही उत्तरेकडे. २१ डिसेंबरच्या दुपारी तो क्षितिजापासून फक्त ५० अंश वर असतो, दक्षिणेकडे. ५० अंशांवरून येणारा एक चौरस मीटर उन्हाचा झोत जमिनीवर १.३ चौरस मीटरवर पसरतो. शिवाय दिवस जूनमध्ये १३ तासांच्या थोडा वर, डिसेंबरात सुमारे ११ तास १० मिनिटे. कमी तास आणि पातळ ऊन, दोन्ही मिळून थंडी. आपण विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ आहोत म्हणून हा फरक दोन तासांवर भागतो. लंडनला जूनचा दिवस साडेसोळा तासांच्या वर जातो आणि डिसेंबरचा आठ तासांच्या आत येतो. त्यांचा हिवाळा एवढा कडक का, ते यातच आलं.

मुलीला अंगणात मीटरभर लांबीची सरळ काठी रोवायला सांगा. ओळंबा लावून, अगदी उभी. दुपारी सावली सर्वांत आखूड होईल तिथे खूण करायची. डिसेंबरच्या अखेरीस ती सावली उत्तरेला सुमारे ८३ सेंटिमीटर पडेल. २१ मार्चच्या सुमारास २९ सेंटिमीटर. मग लहान होत होत ५-६ मेच्या आसपास ती काठीच्या बुडाशी नाहीशी होईल. त्या दिवशी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर सावली चक्क दक्षिणेला पडायला लागते आणि २१ जूनला १२ सेंटिमीटरपर्यंत जाते, अर्थात तेव्हा ऊन असेल तर. पुन्हा ७ ऑगस्टच्या सुमारास शून्य. वेळ मात्र घड्याळातले बारा नव्हे. आपलं प्रमाणवेळेचं रेखावृत्त ८२.५ अंशांवर आहे, आपण त्याच्या बरेच पश्चिमेला. देवगडला मेमध्ये सूर्य माथ्यावर येतो तो साधारण १२ वाजून ३३ मिनिटांनी.

हा शून्य सावलीचा दिवस किनाऱ्याने वर वर चढत जातो. वेंगुर्ल्याला ३-४ मे, तुमच्याकडे ५-६, रत्नागिरीला ८ च्या आसपास, मुंबईला १५-१६ मे. एखादा नातेवाईक रत्नागिरीला असेल तर त्यालाही काठी रोवायला सांगा. दोन ठिकाणच्या तारखांतला फरक बघून पृथ्वी गोल आहे आणि सूर्य उत्तरेला सरकतो आहे, या दोन्ही गोष्टी त्या पोरीच्या हाताला लागतील. कर्कवृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे दिल्लीला वगैरे, हा दिवस कधीच येत नाही. अख्ख्या कोकणात तो वर्षातून दोनदा येतो. दुसऱ्यांदा ढगात जातो हे आपलं दुर्दैव.

खडप आणि सुरूचं बन. सूर्य बरोबर पश्चिमेला वर्षातून दोनच दिवस मावळतो, मार्चमध्ये २०-२१ तारखेला आणि सप्टेंबरात २२-२३ ला. डिसेंबरअखेरीस तो तुमच्या समुद्रावर पश्चिमेपासून सुमारे साडेचोवीस अंश दक्षिणेला बुडतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेला. एकूण ४९ अंश. हात पूर्ण ताणून मूठ धरली की ती आकाशात साधारण १० अंश झाकते, म्हणजे सूर्य समुद्रावर जवळजवळ पाच मुठी सरकतो. मार्चमध्ये तो रोज स्वतःच्या बिंबाहून थोडा कमी, एवढा सरकतो, त्यामुळे आठवड्यात फरक स्पष्ट कळतो. डिसेंबर आणि जूनच्या टोकांना मात्र आठवडाभर हलल्यासारखाच वाटत नाही. उत्तरेचं टोक आपल्याला नीट बघायला मिळत नाही, तेव्हा पाऊस असतो. पण मेच्या शेवटच्या संध्याकाळी सूर्य त्या टोकाच्या अगदी जवळ पोचलेला असतो. मग चार महिने ढग, आणि ऑक्टोबरात आकाश मोकळं होतं तेव्हा तो पश्चिम ओलांडून दक्षिणेकडे निघालेलाही असतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलगी विचारेल: सूर्य जूनमध्येही जवळजवळ डोक्यावर असतो आणि दिवसही मोठा, मग उकाड्याचा कहर मेमध्ये का? कारण पाऊस. आणि तो पाऊससुद्धा त्या कलाचाच आहे. सूर्य उत्तरेला आला की उत्तर हिंदुस्थानची जमीन तापते, तिथे हवेचा दाब कमी होतो, आणि दक्षिण गोलार्धातले वारे विषुववृत्त ओलांडून तिकडे निघतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते वळतात आणि नैऋत्येकडून आपल्यावर येतात, समुद्राची वाफ घेऊन. समोर सह्याद्री उभा. हवा वर चढते, थंड होते, कोसळते. म्हणून आपला उन्हाळा जूनमध्ये ढगाखाली झाकला जातो आणि ऑक्टोबरात ढग गेले की ऊन पुन्हा चटके देतं.

मृगाचं उद्या लिहितो. त्याला निवांतपणा हवा.

---

जेटीवरचा · हर्णै

सर, वाचून फार बरं वाटलं. आमच्या धंद्यात आकाश लागायचंच. जीपीएस नव्हतं तेव्हा वडील रात्री ध्रुवावर नजर ठेवून होडी आणायचे. त्यांनी सांगितलेलं लिहितो, मुलीच्या उपयोगी पडेल.

किनाऱ्याने वर, वेरावळच्या बाजूला गेलं की ध्रुव वर चढतो. खाली कारवार-मंगळूरकडे गेलं की पाण्याकडे झुकतो. आमच्या हर्णैला तो दोन मुठींपेक्षा थोडा खालीच. उत्तरेला डोंगर असेल तर दिसतच नाही, म्हणून लोक त्याला शोधताना फार वर बघतात.

दक्षिणेला मे महिन्यात रात्री दहाच्या सुमारास पाण्याच्या जरा वर त्रिशंकू उभा असतो. चार तारे, पतंगासारखे. त्याच्या डाव्या हाताला नरतुरंगाचे दोन ठळक तारे. मुंबईच्या धुरकटात हे सापडणं कठीण, आपल्याकडे कातळावरून सहज दिसतील. १ जूनपासून मासेमारीची बंदी लागते, होड्या वर ओढलेल्या असतात, म्हणजे आमचं हे बघणं मेमध्येच संपतं.

आणि गणपतीच्या दिवसांत पहाटे पाचला उठून आग्नेयेच्या जरा दक्षिणेला बघा. ढग फाटलेले असले तर अगस्ती दिसेल, व्याधाच्या खालोखालचा तेजस्वी तारा. जुने लोक म्हणायचे अगस्ती उगवला की पाणी निवळतं. पाऊस ओसरायला लागतो तेव्हाच तो पहाटे दिसायला लागतो, हे मी दरवर्षी बघतो.

---

भूगोल_शिक्षक_निवृत्त · गुहागर

भाऊ, ध्रुवाचं तुम्ही लिहिलंत ते वर्गात शिकवायला मला तास लागायचा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजेच त्या गावाचा अक्षांश, अर्ध्या-पाऊण अंशाच्या फरकाने. हर्णैला १८ च्या जवळ, देवगडला साडेसोळा, कन्याकुमारीला ८. तुमच्या वडिलांच्या नजरेत अक्षांश मोजायचं यंत्रच होतं.

आता मृग.

दिवसा तारे कुठे जात नाहीत, ते उजेडात झाकले जातात. सूर्याच्या मागेही तारे असतातच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून आपल्याला सूर्य रोज साधारण एक अंश पुढच्या ताऱ्यांवर सरकलेला दिसायला हवा, आणि तसाच तो सरकत असतो. वर्षात एक फेरी. त्या वाटेचे पूर्वजांनी २७ सारखे भाग केले, एकेक भाग १३ अंश २० मिनिटांचा. सूर्य एका भागात १३-१४ दिवस राहतो. तुमच्या घरी "मिरग लागलो" म्हणतात त्याचा अर्थ सूर्य मृगाच्या भागात शिरला. सूर्य जिथे आहे तिथलेच तारे सूर्याबरोबर उगवणार आणि सूर्याबरोबर मावळणार. मग ते रात्री दिसायचे कसे? त्या दिवसांत मृग भर दुपारी तुमच्या डोक्यावरून जात असतो, सूर्य त्याच्या मस्तकाच्या थोडा उत्तरेकडून चाललेला असतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पुढे हस्त, चित्रा, स्वाती, ही पावसाची सगळी नक्षत्रं अशीच सूर्याची आहेत. आपापल्या पावसात ती सहसा दिसत नाहीत, ढग नसते तरीही.

मृग खाली खाली जात पश्चिमेच्या उजेडात बुडाला, हे मुलीने जे पाहिलं ना, ते फार मोलाचं निरीक्षण आहे. खरं तर सूर्य सरकत मृगापर्यंत येत होता. कुठलाही तारा रोज जवळजवळ ४ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. महिन्यात दोन तास होतात. डिसेंबरच्या सुरुवातीला मृग रात्री आठच्या सुमारास सह्याद्रीच्या अंगाने वर आलेला असतो. फेब्रुवारीत त्या वेळी उंच डोक्याकडे. एप्रिलमध्ये पश्चिमेला. मेअखेर संधिप्रकाशात गडप. जुलैत तो पहाटे पूर्वेला बाहेर पडतो, पण तेव्हा आपलं आकाश बंद असतं, म्हणून कोकणातल्या माणसाला तो पुन्हा भेटतो थेट सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे. अजून एक: मृगाच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे आकाशात पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या जवळजवळ बरोबर वरच आहेत. ते नेमके पूर्वेला उगवतात आणि नेमके पश्चिमेला मावळतात, बाराही महिने. तुमच्या "खरी पश्चिम कुठली" या प्रश्नाचं उत्तर एप्रिलच्या रात्री तेच देतात. बाण समुद्रात बुडेल तिथे खूण धरा. खडप त्याच्या डावीकडे येईल, सुरूचं बन उजवीकडे.

मृग सूर्यापाशी आहे याची खात्री चंद्राकडून करून घेता येते. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला, दत्तजयंतीच्या रात्री, चंद्र मृगाच्या आसपास असतो. म्हणजे तेव्हा सूर्य समोर, ज्येष्ठा नक्षत्राच्या बाजूला. सहा महिन्यांनी वटपौर्णिमेला उलट: चंद्र ज्येष्ठेपाशी, सूर्य मृगापाशी. मुलीला दत्तजयंतीचा चंद्र मध्यरात्री दाखवा, मान मोडेल इतका वर असतो. वटपौर्णिमेचा दक्षिणेकडून, बराच खालून जातो. थंडीत सूर्य खालून, चंद्र वरून. पावसाच्या तोंडावर सूर्य वरून, चंद्र खालून. अक्षाचा कल चंद्रातही दिसतो, मला यापेक्षा सुंदर पुरावा माहीत नाही.

---

पंचांगवाचक · राजापूर

सर, उत्तम लिहिता आहात. एक पुरवणी, कारण शेतकऱ्यांच्या कामाची आहे.

पंचांगातली नक्षत्रं ताऱ्यांना बांधलेली, आणि ऋतू अक्षाच्या कलाला. ही दोन्ही वर्षं अगदी सारखी नाहीत. ताऱ्यांच्या हिशोबाचं वर्ष सुमारे २० मिनिटांनी मोठं आहे, कारण पृथ्वीचा अक्ष स्वतः अतिशय हळू गिरकी घेतो, एक फेरी सुमारे २६,००० वर्षांत. २० मिनिटे साचत जाऊन ७१-७२ वर्षांत एक दिवस होतो. मकरसंक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ साधारण १७०० वर्षांपूर्वी एकाच दिवशी होते. आज सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. आज मृग ७-८ जूनला लागतो, पुढे हळूहळू उशिरा लागत जाईल. पाऊस काही त्याच्यासाठी थांबणार नाही. आपल्या आयुष्यात फरक एका दिवसाचा, त्यामुळे सासऱ्यांचा हिशोब चुकला असं कृपया कोणी म्हणू नये.

याच सरकण्यावरून लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये "ओरायन" ग्रंथात वेदांचा काळ मांडला. एके काळी वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये सूर्य बरोबर पश्चिमेला मावळतो तेव्हाची ताऱ्यांमधली त्याची जागा, मृगात होता, हा त्यांचा धागा. आणि दापोली तालुक्यातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठीत लिहिला. आपल्याच किनाऱ्यावरची माणसं, शाळेत यांची नावं या अंगाने यायला हवीत. ऋतूंशी बांधलेली दिनदर्शिकाही आपल्याकडे आहे. भारतीय सौर दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली, मेघनाद साहा समितीच्या शिफारशीवरून.

---

कातळावरून · देवगड तालुका

सर, पपनस मिळालं नाही म्हणून नारिंगावर केलं. मुलीने तीन फेऱ्या मारल्या, टोक भिंतीकडेच ठेवून, आणि चौथ्या वेळी मला बाजूला बसवून आजोबांना समजावलं. सासरे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे मिरग दुपारचो वर आसता." बरोबर ना?

काठी रोवली आहे. ओळंबा गवंड्याकडून आणला.

जेटीवरच्या दादांचेही आभार, पुढच्या मेमध्ये त्रिशंकू नक्की बघू.

---

जेटीवरचा · हर्णै

सासऱ्यांना नमस्कार सांगा ताई.

सर, माझाही एक प्रश्न, बरीच वर्षं मनात आहे. सर्वांत लहान दिवस २१-२२ डिसेंबर. पण आमचा अनुभव असा की काळोख सर्वांत लवकर पडतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. डिसेंबरात संध्याकाळ थोडी लांबायला लागलेली असते. आणि सकाळी उजाडायला सर्वांत उशीर जानेवारीत, संक्रांतीनंतर. हे कसं?

---

भूगोल_शिक्षक_निवृत्त · गुहागर

ताई, सासरे अगदी बरोबर म्हणाले.

भाऊ, तुमचा अनुभव खरा आहे. दिवसाची लांबी आणि दिवसाचा मध्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूर्य माथ्यावर यायची वेळ वर्षभर एकच नसते. आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती साधारण १२ वाजून २० मिनिटांची असते आणि फेब्रुवारीच्या मध्याला १२ वाजून ५१ मिनिटांची. अर्ध्या तासाचा फरक! कारणं दोन. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते तेव्हा कक्षेत वेगाने पळते, म्हणून सूर्याला पुन्हा माथ्यावर आणायला तिला स्वतःभोवती थोडं जास्त फिरावं लागतं. दुसरं कारण पुन्हा तो कल. टोकांच्या दिवसांत सूर्य उत्तर-दक्षिण सरकत नाही, त्याची सगळी चाल पूर्वेकडेच असते. दोन्ही मिळून डिसेंबरअखेरीस एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तास आणि वर सुमारे ३० सेकंद लागतात.

म्हणजे दिवसाचा मध्यच रोज अर्ध्या मिनिटाने उशिराकडे ढकलला जातो, आणि त्याच्याबरोबर सूर्योदय-सूर्यास्त दोन्ही. डिसेंबरात आपल्याकडे दिवस रोज अगदी थोडा लहान होतो, काही सेकंदच. ढकलणं त्याच्यावर मात करतं, म्हणून सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासूनच पुढे जायला लागतो आणि सूर्योदय जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत उशिरा होत राहतो. लंडनला दिवस भराभर लहान होतात, तिथे ही ओढाताण इतकी लांबत नाही, सर्वांत लवकरचा सूर्यास्त १२ डिसेंबरच्या सुमारास असतो. आपण विषुववृत्ताच्या जवळ असल्यामुळे आपल्याला तो सर्वांत लहान दिवसाच्या जवळजवळ महिनाभर आधी दिसतो. दिनदर्शिकेत सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. नोव्हेंबर ते जानेवारीची पानं समोर ठेवा आणि ताईंच्या लेकीला उदय-अस्ताच्या मधोमधची वेळ रोजची काढायला द्या. बेरीज करून दोनने भागायचं, एवढंच गणित आहे. माध्यान्ह सरकताना तिला कागदावर दिसेल.